रँडमाइझ युएसआर ६००००

परवा आजोळी माळा आवरताना मामाची वही सापडली. आत पानंच्या पानं नुसते आकडे. बायकोला वाटलं किराण्याचा हिशोब!

१९८७ साली मामाकडे स्पेक्ट्रम प्लस होता. (१९८६ पासून तो परवाना घेऊन भारतातच बनत होता.) झेड-८० प्रोसेसर, ४८ के मेमरी. चालू केला की थेट बेसिक. पण बेसिकचा दुभाषी प्रत्येक ओळ दरवेळी नव्याने वाचायचा. पडदा भरायला सांगितला तर कुणी भिंतीला चुना लावतंय असं वाटायचं. तेच काम झेड-८० ला त्याच्या भाषेत सांगितलं तर पापणी लवायच्या आत.

म्हणून ही खिचडी. क्लिअर ५९९९९ लिहून बेसिकला कुंपण घालायचं, डेटाच्या ओळींतले आकडे पोकने ६०००० पासून एकेका घरात ठेवायचे, मग रँडमाइझ युएसआर ६००००. त्यातल्या रँडमाइझचं खरं तर काहीच काम नाही बरं का! युएसआर एक आकडा परत आणतं, तो घ्यायला कुणीतरी हवं, इतकंच. १९८१ च्या झेडएक्स-८१ वर तर लोक पहिल्या ओळीतल्या रेमच्या पोटात कोड लपवत. पत्ता ठरलेला, १६५१४. बीबीसी मायक्रोवाल्यांची मात्र चैन होती. चौकटी कंस टाकून बेसिकमध्येच असेंब्ली!

असो. मामा आकडे सांगत होता, मी टाइप करत होतो. दोन तास. शेवटचा आकडा २०१, म्हणजे 'बेसिककडे परत जा'. मी मारला २१०.

२१० म्हणजे 'कॅरी नसेल तर पुढच्या दोन घरांतल्या पत्त्यावर उडी मार'. पुढची दोन्ही घरं रिकामी, म्हणून पत्ता शून्य. आणि शून्यावर रॉमची सुरुवात! पडदा पांढरा झाला, खाली १९८२ सालची कॉपीराइटची ओळ उमटली. कॅसेटवर काहीच घेतलेलं नव्हतं.

मामा ओरडला नाही. "चहा घेऊ," एवढंच म्हणाला. चूक माझी होती हे मी त्याला सांगितलंच नाही. मशीनच बिघडलं असेल म्हणालो. गेल्या वर्षी तो गेला.

वहीत त्या पानावर शेवटच्या २०१ भोवती लाल गोल आहे. शेजारी त्याच्या अक्षरात, 'बाळ्याने २१० दाबलं. पुढच्या वेळी आधी सेव्ह.'

म्हणजे त्याने पाहिलं होतं.