स्मर्ना अंजिराची माशी

अंजीर फोडल्यावर दिसणारा लालसर गर शेकडो फुलांचा असतो. बाहेरची साल हा फुगलेल्या देठाचा भाग. फुले त्याच्या पोकळीत आतून लागतात आणि टोकावरच्या बारीक छिद्राखेरीज त्यांना बाहेरची वाट नसते. दाताखाली येणारा प्रत्येक दाणा हे एकेका फुलाचे फळ. अशा बंदिस्त फुलांपर्यंत ना वारा पोचतो, ना मधमाशी.

भूमध्य समुद्राकाठच्या बागाइतदारांना यावरचा उपाय फार पूर्वीपासून ठाऊक होता. रानातल्या नर-अंजिराची फळे आणून ते बागेतल्या झाडांवर टांगत. इ. स. पूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने आणि त्यानंतर थिओफ्रॅस्टसने या चालीची नोंद केली. टांगलेल्या फळांतून कीटक निघतात आणि मग बागेतली फळे गळत नाहीत, हे त्यांनी लिहिले. खजुराच्या मादी झाडावर नर-फुलांची भुकटी झटकण्याशी थिओफ्रॅस्टसने त्याची सांगडही घातली. वनस्पतींना नर-मादी भेद असतो हे ट्यूबिंगेनच्या कामेरारियसने प्रयोगांनी दाखवले ते थेट 1694 मध्ये. बागेतले शहाणपण शास्त्राच्या किती पुढे चालत होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

हा कीटक म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची, गांधिलमाशीच्या कुळातली माशी. नर-अंजिरात ती जन्मते आणि निघताना अंगावर पराग घेते. मादी-अंजिराच्या छिद्रातून घुसताना तिचे पंख तुटतात. तिथल्या फुलांचे कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचे दांडे, लांब असल्याने तिला अंडी घालता येत नाहीत. पराग मात्र फुलांना मिळतो.

ही गोष्ट न उमगल्याने कॅलिफोर्नियात बरेच नुकसान झाले. 1880 नंतर तुर्कस्तानातल्या स्मर्ना अंजिराची हजारो कलमे तिथे लावली गेली. झाडे वाढली, फळे धरली आणि कोवळेपणीच गळाली. फळे टांगण्याची चाल ही अडाणी समजूत आहे, असे अनेकांचे मत होते. फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांनी 1890 मध्ये पराग हाताने आत घालून काही फळे पिकवली, तेव्हा कारण उघड झाले. अखेर 1899 मध्ये वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियाहून पाठवलेल्या माश्या फ्रेस्नोत टिकल्या आणि स्मर्ना अंजिराला तिथे खरे पीक आले.

बी धरले नाही तर फळ का गळावे, याचा उलगडा पुढच्या शतकात झाला. वाढणारी बीजे ऑक्सिनसारखी संप्रेरके तयार करतात आणि त्यांच्या जोरावर भोवतालचा भाग फुगतो. झां पॉल निच यांनी 1950 मध्ये स्ट्रॉबेरीवरचे दाणे काढून टाकले, तेव्हा तिची वाढ थांबली. त्या जागी ऑक्सिन लावल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

काही अंजिरांना मात्र परागाविनाच फळ धरते. त्यांचे दाणे पोकळ असतात, आत गर्भ नसतो. पुणे जिल्ह्यातले अंजीर याच जातीचे. उंबरात दिसणाऱ्या माश्या निराळ्या, त्यांचा या अंजिराशी संबंध येत नाही. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या पुरंदरच्या अंजिराचे खट्टा आणि मीठा असे दोन्ही बहार नर-झाडावाचून येतात, आणि नवी बाग बियांपासून नव्हे, फांदीच्या कलमांपासून उभी राहते.