प्लॉट कुठे घ्यायचा? : खानदेशातील एक जुना प्रश्न

जळगावातील मुस्लिम घरात मुलगा कमावता झाला, की एक विषय हमखास निघतो. प्लॉट कुठे घ्यायचा? अम्मी म्हणते, अजान ऐकू आली पाहिजे. अब्बा म्हणतात, सातबारा साफ पाहिजे. मुलगा म्हणतो, बँक कर्ज देईल तिथेच घेऊ. शेजारचे चाचा सांगतात, आपल्या लोकांतच घ्या, अडीअडचणीला तेच धावून येतात. चौघांचेही म्हणणे खरे असते. वाद घरातला दिसतो, पण त्याची मुळे शहराच्या इतिहासात आहेत. वस्ती कुठे होऊ द्यायची हे कोणी ठरवले आणि कोणाला विचारून ठरवले, हे पाहिल्याशिवाय हा वाद समजत नाही.

वस्ती वसवणे हे आपल्या भागात राज्यकर्त्याचे कर्तव्य मानले जाई. फारुकी घराण्यातील नसीर खान याने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. त्याची कथा अशी सांगतात की, शेख जैनुद्दीन यांनी सुलतानाने देऊ केलेली जमीन नाकारली आणि त्याऐवजी शहर वसवण्यास सांगितले. म्हणून एका तीरावर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर झाले आणि दुसऱ्या तीरावर जैनाबाद. कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. स्वतःसाठी जमीन न घेता लोकांसाठी वस्ती मागितली, हे लोकांनी लक्षात ठेवले, एवढे मात्र खरे.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. 1819 मध्ये धुळ्यात 401 घरे आणि 2,509 माणसे होती. लुटालूट आणि दुष्काळाने मुलूख ओस पडला होता. सरकारला माणसे हवी होती. त्यामुळे घर बांधणाऱ्याला कायमची भाडेमाफ जागा देण्यात आली. जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही पक्की घरे बांधण्यासाठी तगाई मिळाली. 1872 पर्यंत लोकसंख्या 12,489 झाली. नव्या धुळ्यात सरळ रस्ते आखले गेले. जुन्या धुळ्यात मात्र गरिबांची घरे दाटीवाटीनेच राहिली. त्याच 1872 साली पांझरेला मोठा पूर आला आणि शहरातील घरांचे अतोनात नुकसान झाले. नदीलगतची स्वस्त जागा किती महाग पडते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

जळगाव वाढले ते रेल्वे आणि कापसामुळे. 1860 नंतर आगगाडी आली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1864 मध्ये नगरपालिका झाली. पोलन पेठेसारखी प्रशस्त बाजारपेठ उभी राहिली. मेहरुण तलावाचे पाणी नळाने शहरात आले. 1906 मध्ये जळगाव पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण झाले. पेठेला रुंद रस्ते मिळाले. पेठेत ओझी उचलणारा, जिनात कापूस हाताळणारा माणूस कुठे राहणार, हा विचार मात्र मागे राहिला. त्याने आपली सोय आपणच केली.

या प्रश्नात भीतीची भर पडली ती 1970 मध्ये. मे महिन्यात भिवंडीपाठोपाठ 8 तारखेला जळगावात दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालानुसार जळगावात 43 माणसे दगावली, त्यांपैकी 42 मुसलमान होती. अशा दिवसानंतर माणूस घर शोधताना हवा आणि उजेड नंतर पाहतो, शेजार आधी पाहतो. चाचांच्या सल्ल्यामागे हा इतिहास आहे. त्याला कोणी केवळ मागासलेपण म्हणत असेल, तर तो अन्याय आहे. पण या सल्ल्याची किंमतही आपण मोजली पाहिजे.

ही किंमत नकाशावर दिसते. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली शहराची विकास योजना तयार होते. पिवळा पट्टा रहिवासी, हिरवा पट्टा शेतीचा. पिवळ्यातील जमीन महाग, हिरव्यातील स्वस्त. मोहल्ल्यात जागा उरत नाही आणि पिवळ्यातला भाव परवडत नाही. मग काळ्या मातीच्या शेताचे गुंठे पडतात आणि मुद्रांकावर सौदापावती होते. शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही. कापसाने न दिलेला पैसा त्याला प्लॉटने दिला. पुढे पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात भिंतींना तडे. गटार मागायला गेले, तर ‘तुमची वस्तीच अनधिकृत’ हे उत्तर. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये आला. त्याची मुदत 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या बांधकामांपुरती होती; 2021 मध्ये ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. म्हणजे वीस वर्षे लोक तसेच घर बांधत राहिले, हे सरकारनेच मान्य केले.

सरकारने घरे दिली नाहीत का? नव्वदच्या दशकात जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी हुडकोच्या कर्जातून घरकुल योजना घेतली. बरीचशी घरे पूर्णच झाली नाहीत. 2006 मध्ये सुमारे 29 कोटींच्या गैरव्यवहाराची फिर्याद झाली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यासह 48 जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली. न्यायालयात पैशाचा हिशेब झाला. पण घरकुले कुठे बांधावीत, तिथून हमालाला बाजार किती लांब पडेल, मुलांना शाळा किती लांब, हे त्या झोपडीवाल्यांना कोणी विचारले होते? त्याचा हिशेब कोणत्याच न्यायालयात झाला नाही.

विचारण्याची सोय कायद्यात आहे. विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते. सूचना वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात येते. आपण मराठी वाचणारी माणसे. ती आपल्या नजरेतून सुटते, हे आपल्यालाच लाजिरवाणे आहे. बिल्डर वेळेत पोहोचतो, कारण त्याला पट्ट्याच्या रंगाचा अर्थ कळतो. आपण पोहोचतो तेव्हा घराच्या दारात नोटीस आलेली असते. कब्रस्तानासाठी जागा राखून ठेवा, असा अर्जही आपण जनाजा ठेवायला जागा उरली नाही म्हणजे करतो.

म्हणून एक साधी सूचना. पुढच्या वेळी आराखडा प्रसिद्ध होईल, तेव्हा तो जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यात उघडून बसावे. ज्याला नकाशा कळतो त्याने तो इतरांना समजावून सांगावा. शाळा, दवाखाना, कब्रस्तान, रस्ता यांची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मिश्र वस्तीत परवडणारी घरे हवीत, हेही त्यात लिहावे. केवळ आपल्याच गल्लीपुरते मागू नये. अर्जावर शेजारच्या कोळी, भिल्ल, दलित वस्त्यांच्या सह्या असतील तर उत्तमच. चिखल त्यांच्याही दारात आहे.

अम्मीची अजान, अब्बांचा सातबारा, मुलाचे कर्ज आणि चाचांचा शेजार, या चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात ही काही मोठी मागणी नाही. मात्र ती नकाशा कच्चा असतानाच केली पाहिजे.