फियाट, पाठभेद आणि अकरा वर्षे

प्राचीन ग्रंथाचा पाठ निश्चित करणे आणि जुनी मोटार पुन्हा उभी करणे या दोन उद्योगांचे नाते आम्हांस ग्रंथालयात नव्हे, वर्ध्याच्या आर्वी नाक्यानजीक टिनाच्या एका शेडमध्ये उमगले. शेडमध्ये १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट उभी होती. मालक एक निवृत्त गुरुजी. आम्ही चौघे त्यांचे विद्यार्थी; मोटारीचे ज्ञान चौघांचे मिळून एका फिटरच्या पासंगालाही न पुरणारे.

या गाडीला इतिहास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. सत्तरीत हीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणूनही रस्त्यावरून गेली.

गाडी खोलायला आम्हांस एक महिना लागला. दारे, आसने, वायरिंग, १०८९ सीसीचे इंजिन, सारे सुटे झाले. त्या महिन्यात उत्साहाला तोटा नव्हता, कारण मोडण्याचे काम डोळ्यांना दिसते. तिसऱ्या वर्षी मात्र आम्ही शेडकडे जाणेच टाळू लागलो. पत्राकामाच्या मिस्त्रीने एका बाजूचा गंज काढावा, तोवर पावसाळ्याने दुसरी बाजू खावी. कोणी विचारले, की आम्ही विषय बदलत असू.

याच सुमारास आमच्यापैकी एकाला वर्गात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी शिकवावे लागले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे काम १९१९ मध्ये आरंभिले. पूर्ण झाले १९६६ मध्ये, म्हणजे नेमके आमच्या गाडीच्या साली! १९२५ पासून संपादनाची धुरा वाहणारे वि. सी. सुखटणकर १९४३ मध्येच निवर्तले. त्यांच्यामागून बेलवलकर आणि वैद्य यांनी ते तडीस नेले. एवढी वर्षे ही माणसे टिकली कशी? निष्ठा हे उत्तर खरे, पण अपुरे. निष्ठा आमच्याकडेही होती, आणि ती तिसऱ्या वर्षी संपली होती. आमच्या मते उत्तर त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. श्लोकागणिक पाठभेदांची पत्रके भरली जात. पहिला छापील भाग १९२७ मध्येच वाचकांच्या हाती गेला. आदिपर्व पुरे झाले १९३३ मध्ये. सबंध महाभारत कोणाच्याच मेजावर नव्हते. मेजावर होता आजचा श्लोक.

आम्हीही एका सुट्या भागाला एक कागद केला. कार्बोरेटर साफ होऊन जागी बसला, की तो गुरुजींना दाखवायचा. हेच आमचे प्रकाशन. काम पुन्हा सुरू झाले. वेगाने नव्हे, पण थांबले नाही.

खरा वाद दहाव्या वर्षी उद्भवला. स्टिअरिंगलगतच्या गियरच्या दांड्याची मूठ कधीतरी फुटली होती. गुरुजींनी तिथे बाभळीच्या लाकडाची मूठ स्वहस्ते बसवली होती. आम्हांस नागपूरच्या भंगारबाजारात मूळ मूठ मिळाली. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटारीची 'व्हिंटेज' नोंदणी हवी, तर ती मूळ रूपात असावी लागते. बाभळीची मूठ हा उघड प्रक्षेप. चिकित्सक आवृत्तीने प्रक्षेप फेकले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. तेव्हा मूठ काढावी आणि जपून ठेवावी, असे तिघांचे मत पडले. चौथ्याने शेडमध्ये येणे बंद केले.

अखेर गुरुजींनाच विचारले. ते बराच वेळ दांड्यावर हात ठेवून बसले. "मूळ म्हणजे कोणते रे?" ते म्हणाले, "मी घेतली तेव्हाचे, की मी चालवली तेव्हाचे?"

चौथा दुसऱ्या दिवशी आला. भंगारबाजारातली मूठ आता एकेचाळीस क्रमांकाच्या खोक्यात आहे, कागदासह. नोंदणीचा अर्ज अद्याप भरलेला नाही. डाव्या मागच्या दाराची काचही मिळायची आहे.