अल्प खर्चांत लंडनदर्शन

लंडन हें खर्चिक शहर, ही समजूत निम्मीच खरी आहे. वेस्टमिन्स्टर ॲबे व टॉवर यांस प्रवेशमूल्य पडतें. तीं बाहेरूनच न्याहाळून काटकसरी प्रवाशानें पायींच ट्रॅफल्गार चौक गांठावा. तेथील नॅशनल गॅलरींत मुख्य संग्रह विनामूल्य आहे. १८२४ सालीं सरकारनें अँगरस्टाइन याचीं ३८ चित्रें विकत घेऊन ही संस्था काढली. १८३८ मध्यें सध्यांची इमारत उघडली. जागा अशी कीं, पश्चिमेकडून श्रीमंतांनीं गाडींतून यावें व पूर्वेकडून गरिबांनीं पायीं.

ब्रिटिश म्यूझियमची कथा याहून मौजेची आहे. सर हॅन्स स्लोन यांच्या संग्रहासाठीं १७५३ मध्यें पार्लमेंटानें कायदा केला आणि पैसा उभारला तो चक्क लॉटरींतून! १७५९ मध्यें दरवाजे उघडले. दर्शन फुकट खरें, पण आधीं लेखी अर्ज करून तिकीट मिळवावें लागे. म्हणजे पैसा नको, सवड मात्र हवी. आणि मजुरापाशीं नेमकी तीच नसे. १९७४ सालीं तर तेथें कांहीं काळ मूल्यही आकारण्यांत आलें.

शेवटीं साउथ केन्सिंग्टन. १८५७ मध्यें येथील संग्रहालय निघालें तेव्हां कामकऱ्यांच्या सोयीसाठीं गॅसचे दिवे लावून तें रात्रींही उघडें ठेवीत. आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्हणून प्रसिद्ध असलेल्या याच संग्रहालयांत, १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणाहून लुटून नेलेला टिपूचा लांकडी वाघ आहे. तो आम्हां हिंदी लोकांस फुकट पाहूं देतात. या औदार्याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावे, तें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.