बैठकांचा हिशेब

उधन्याहून जळगावाकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला, आणि त्याच मार्गाने पुढे खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेस आली. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांभोवती, त्यांच्या पिढ्या आज नांदत आहेत. एप्रिल-मे महिन्यांत ह्या वस्तीत एक वाद हटकून निघतो: मुंबईचा संघ आपला की गुजरातचा? बाप एका बाजूस व मुलगा दुसऱ्या, असे घडले तरी त्यात नवल नाही. परंतु हा 'आपला' शब्द कोणी विकला, कोणी विकत घेतला, आणि त्याचा जमाखर्च कोणाच्या वहीत पडला, हे पाहू गेल्यास आम्हांस मुंबईच्या मैदानाकडेच वळावे लागते. क्रिकेटमधील आपलेपणावर तिकीट लावण्याची रीत आपल्याकडे तेथेच रुजली.

१८७७ साली पारशी मंडळी मुंबईतील युरोपियनांशी प्रथम सामना खेळली. पुढे १८९४ मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना उभा राहिला. जमीन सरकारची, पैसा मुख्यतः गुजराती व्यापाऱ्यांचा आणि खेळाडू बव्हंशी मराठी, असा तो त्रिवेणी संगम होता. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होऊ लागले. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेले सर्व, ही संघांची नावे होती. ती कोणा जाहिरातदाराने सुचविली नसली, तरी एवढी खपणारी नावे पुढे कोणास सापडलीही नाहीत. मैदानाभोवती कनाती पडत, तंबू उभे राहत, आणि तिकिटांच्या उत्पन्नात जिमखान्यांचा वाटा असे.

ह्या व्यवहारातील सर्वांत मोठे भांडवल म्हणजे खेळाडू. आणि त्यांतील सर्वांत मोठ्याची कथा सर्वांत अवघड आहे. धारवाडास जन्मलेले पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील. पुण्यातील पारशी क्लबात मैदान झाडण्याबद्दल त्यांस दरमहा तीन रुपये मिळत, आणि पुढे युरोपियनांच्या क्लबात चार. गोऱ्या साहेबांस सरावासाठी चेंडू टाकीत हा मनुष्य हिंदुस्थानातील श्रेष्ठ डावखुरा गोलंदाज बनला. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मात्र पुण्यास हिंदू संघाकडून खेळताना त्यांस चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात दिला जाई. आमच्या वाचकांपैकी अनेकांचा देवस्थानांच्या कारभाराशी संबंध आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो: दाराशी तिकिटाचा पैसा घेताना जात विचारली जात नव्हती, आणि चेंडूवर बोटे फिरवू देतानाही नव्हती, ती केवळ चहाच्या वेळी आठवत असे. मुंबईच्या जिमखान्यात ही पंगत पुढे एक झाली खरी. पण बाळूंस कर्णधारपद अखेरपर्यंत मिळाले नाही. १९२० साली त्यांच्या बंधूंनी, विठ्ठल व शिवराम यांनी, निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले, तेव्हा तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. विठ्ठल पळवणकर कर्णधार होण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

आता पैशाकडे वळू. १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला आणि त्याने बॅकबेच्या भरावावरील जमीन घेऊन ब्रेबर्न क्रीडांगण बांधले. ७ डिसेंबर १९३७ रोजी मुंबईच्या गव्हर्नरांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. कनातींच्या जागी पक्क्या पायऱ्या आल्या, आणि त्यांबरोबर एक नवा प्रश्न आला: ह्या पायऱ्या कोणाच्या? पूर्वी तंबू जिमखान्याचा, म्हणून खुर्च्याही जिमखान्याच्या. आता घर क्लबाचे, आणि क्लबाच्या सभासदांस त्यांच्या राखीव जागा हव्या होत्या. हिंदू जिमखान्याने आपल्या सभासदांसाठी अधिक बैठका मागितल्या, क्लबाने नाकारल्या. परिणामी पहिल्याच पंचरंगी सामन्यांतून, १९३७ साली, हिंदू संघ बाहेर राहिला. ह्या माघारीत धर्म नव्हता, राजकारण तर मुळीच नव्हते. खुर्च्या मोजण्यावरून सारे अडले होते. पंचरंगी सामन्यांचा इतिहास सांगताना पुष्कळ लेखक एकदम गांधीजींवर येतात आणि हा प्रसंग ओलांडून जातात. आम्हांस तो अधिक बोधक वाटतो.

१९४० च्या डिसेंबरात जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्यास गांधीजींकडे गेले. क्रीडाक्षेत्रात जातवार तट आपणांस समजत नाहीत, अशा आशयाचे मत त्यांनी दिले. त्यानंतर जिमखान्याच्या सभासदांची सभा भरली, मोठी वादावादी झाली आणि थोडक्या मताधिक्याने त्या वर्षी न खेळण्याचे ठरले. विरोधी मते भरपूर पडली, हे विसरता कामा नये. महात्म्याचा शब्द एकीकडे आणि दाराशी उभी असलेली रांग दुसरीकडे, अशी ती ओढाताण होती. १९४१ साली हिंदू संघ परत मैदानात उतरला व जिंकलाही.

ह्या सामन्यांस विरोध करणारे सर्वच निर्मळ तत्त्वाचे पुजारी होते असे नाही. क्रिकेट नियामक मंडळाने १९३४ साली प्रांतवार रणजी सामने सुरू केले होते, परंतु तेथे प्रेक्षक तुरळक. पंचरंगीस मात्र पाय ठेवावयास जागा नसे. ज्या दुकानात गिऱ्हाईक नाही त्याच्या मालकास शेजारच्या भरलेल्या दुकानाचा अधर्म लवकर दिसतो. संस्थानिकांच्या व मंडळाच्या विरोधात हा धागा होता, असे अभ्यासकांनी दाखविले आहे आणि आम्हांस ते पटते. उलट बॉबी तल्यारखान यांचे उदाहरण आहे. १९३४ साली पारशी-मुसलमान सामन्याचे धावते वर्णन नभोवाणीवर करून त्यांनीच ह्या खेळास घराघरांत नेले, आणि पुढे त्यांनीच ह्या जातवार सामन्यांविरुद्ध लेखणी उचलली. त्यात त्यांचा लाभ काय होता?

जाता जाता खेळाविषयीही दोन शब्द. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल, उरलेल्यांच्या संघाकडून, सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे यांनी ३०९ धावा केल्या. संघाच्या सर्व धावा ३८७! हिंदू सामना जिंकले, पण स्मरणात हजारेच राहिले. १९४६ साली हे सामने कायमचे बंद झाले. ते बंद झाले ह्याचा आम्हांस खेद नाही.

बैठकांचा तंटा मात्र मेला नाही. ब्रेबर्नवरील जागांच्या वाटणीवरून मुंबई क्रिकेट संघटना व क्लब यांच्यात तेच भांडण पुन्हा पेटले, आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे क्रीडांगण बांधले. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला. एका शहरात, एकमेकांच्या सावलीत, दोन क्रीडांगणे उभी राहिली ती खुर्च्यांच्या हिशेबापायी.

त्या काळी मंडळाची तिजोरी किती रिकामी होती हे १९८३ साली दिसले. विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंस बक्षीस देण्यास पैसा नव्हता. तेव्हा ज्यांच्या पित्याचे गाव श्रीमंगेशाच्या पायाशी आहे, त्या लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाऊन तो उभा केला, आणि प्रत्येक खेळाडूस एक लाख रुपये मिळाले. नव्वदीच्या प्रारंभीसुद्धा सामना दाखविण्याबद्दल मंडळानेच पैसे द्यावेत, अशी दूरदर्शनची अपेक्षा असे. मग १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मिरास नव्हे, असा निवाडा दिला, आणि घरातील खुर्ची ही मैदानातील खुर्चीपेक्षा मोलाची ठरली. २००८ साली इंडियन प्रीमियर लीगचे आठ संघ लिलावाने विकले गेले. मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरांस गेला. २०२३ ते २०२७ ह्या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. संघमालकांचे मुख्य उत्पन्न म्हणजे ह्या मध्यवर्ती रकमेतील वाटा. दाराशी जमणारा गल्ला आता दुय्यम आहे. ज्या खुर्चीसाठी हिंदू जिमखाना रुसून बसला, तिच्यावाचूनही हा व्यवहार चालतो: २०२० चा हंगाम संयुक्त अरब अमिरातीत प्रेक्षकांविना पार पडला.

जिमखान्याचा 'आपला' संघ संकुचित होता. त्याच्या सभासदांच्या यादीत पळवणकरांच्या वस्तीतील किती नावे असतील, हे वाचकांनीच ताडावे. आजच्या लिलावात जात विचारीत नाहीत, आणि चहाही सर्वांस एकाच भांड्यातून मिळतो; ही लहान गोष्ट नव्हे. परंतु १९४० च्या त्या सभेत वर्गणी भरणाऱ्यास हात वर करता आला होता. गुजरातचा संघ २०२१ साली ५,६२५ कोटी रुपयांस एका परदेशी गुंतवणूक संस्थेने घेतला, २०२२ साली तो पहिल्याच प्रयत्नात अजिंक्य झाला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याची ६७ टक्के मालकी अहमदाबादच्या टोरेंट उद्योगसमूहाकडे गेली. पांडेसऱ्यातील त्याच्या अभिमान्यांस ही वार्ता वर्तमानपत्रांतून कळली. त्याच महिन्यात नवा हंगाम सुरू झाला. नाव तेच, कर्णधार तोच.