कोरडी दारू

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात, माजघराच्या भिंतीवर आजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत खुंटीवर यायची. मी आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. आश्विनातल्या एका रात्री कापणीला आलेल्या भातात रानडुकरांचा कळप शिरला. हवेत एक बार काढला की डुकरं पळतात, म्हणून आजोबा बंदूक घेऊन बांधावर गेले. मी बॅटरी धरून मागे. त्यांनी चाप ओढला. केप तेवढी फुटली, आतली दारू पेटलीच नाही. दुसऱ्यांदाही तेच. सकाळी पाहिलं तर अर्धं खाचर आडवं झालेलं.

काका म्हणाले, "जुनी झाली ही, नवी घ्या." आजोबा म्हणाले, "बंदुकीला काय झालंय? पावसाळाभर दारूचा डबा मी उघडून बघितला नाही."

हे वाक्य मला बऱ्याच वर्षांनी आठवलं, 'आज्ञापत्र' वाचताना. त्या सुमारास फोनवर अमेरिकेतले व्हिडिओ सारखे समोर येत होते. जग कोसळलं तर कोणती बंदूक जवळ हवी, गोळ्या किती साठवाव्यात, असे. त्यात सगळी चर्चा मॉडेलची. तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी ग्रंथात मात्र याच विषयावर भलतीच काळजी दिसते.

'आज्ञापत्र' लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य हे पुस्तकी मुत्सद्दी नव्हते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा मागे महाराष्ट्रात राहून मोगलांशी झुंज चालू ठेवणाऱ्यांत ते प्रमुख होते. किल्ला कशामुळे टिकतो आणि कशामुळे पडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १७१५ च्या सुमारास हा ग्रंथ तयार झाला. त्यातलं दुर्गांचं प्रकरण म्हणजे वेढा पडला तर जगायचं कसं, याची यादीच आहे.

या यादीत तोफा आहेतच. पण तोफ कुठली भारी, यापेक्षा तट आणि बुरूज पाहून तिथे कोणती शोभेल, याकडे लक्ष आहे. ती मजबूत गाड्यावर चढवलेली असावी, तिचं सामान तिच्याजवळ असावं. पावसाळा आला की तोफांना तेल-मेण द्यावं, बत्ती द्यायचं छिद्र, म्हणजे काना, मेणाने बुजवावा. आणि दारूखाना? तो राहत्या घरांजवळ नसावा. भोवती कुंपण हवं, रात्रंदिवस पहारा हवा, परवानगीशिवाय कुणी फिरकू नये. दारू तळघरात माच करून वर ठेवावी, म्हणजे तिला ओल लागणार नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, ऊन दाखवावं आणि पुन्हा मोहर करून ठेवावेत.

पंधरा दिवसांनी! मी ते वाचलं आणि आमचा माळ्यावरचा डबा आठवला.

यामागचं कारण साधं आहे. काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यातले इतर क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात आणि दारू सर्दावते. सह्याद्रीवरच्या गडांना चार महिने ढगात राहावं लागतं. तिथे पाच मण दारू आहे, एवढं वहीत लिहून भागत नाही. त्यातली पेटणारी किती, हा प्रश्न असतो.

शिवाय हा माल सहज मिळणारा नव्हता. उत्तम सोरा बिहारकडचा. शिसं मोठ्या प्रमाणात समुद्रापलीकडून यायचं. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी फ्रेंचांकडून ८० तोफा घेतल्या, अशी नोंद रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केली आहे. त्याच नोंदीत तोड्याच्या बंदुकांना पुरेल इतक्या शिशाचाही उल्लेख आहे. मला त्या ऐंशी तोफांपेक्षा ते शिसं महत्त्वाचं वाटतं. गोळीच नसेल तर बंदूक म्हणजे जड काठी.

पण साठा करण्यातही धोका असतो. १८१८ चं मालेगाव पाहा. नारोशंकरांनी बांधलेला भुईकोट, आत अरब शिबंदी. इंग्रजांनी मे महिन्यात वेढा घातला. २९ मे रोजी केलेला त्यांचा हल्ला साफ फसला. किल्ला हटत नव्हता. मग जूनमध्ये नवी कुमक आली, उखळी तोफांचा मारा सुरू झाला आणि ११ जूनला किल्ल्यातली दारूची कोठारं उडाली. तटाचा एक भाग खंदकात कोसळला. दोन-तीन दिवसांत शिबंदी शरण आली. ज्या साठ्याच्या जिवावर ती लढत होती, त्यानेच तट पाडला. दारूखाना घरांपासून लांब ठेवा, असं रामचंद्रपंत का सांगतात, ते इथे कळतं.

त्याच प्रकरणात ते पाण्याबद्दलही बजावतात. गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तोफांच्या धडाक्यात झरे आटतात, म्हणून टाकी बांधून पाणी राखावं. आंबा, फणस, वड अशी झाडं लावावीत, वेळप्रसंगी निदान लाकूड तरी कामाला येईल. म्हणजे त्यांच्या यादीत तोफ आणि फणसाचं झाड शेजारी शेजारी आहेत. वेढ्यात माणूस गोळीने मरतो तसाच तहानेनेही मरतो.

पुढच्या ट्रेकला गडावर गेलात तर तोफेबरोबर सेल्फी जरूर काढा. नंतर सदरेपासून थोडं दूर, जाड भिंतींची, एकटी पडलेली एखादी इमारत दिसते का ते बघा. बहुतेक वेळा पाटीवर 'दारूकोठार' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे पंधरा दिवसांनी येऊन दारूला ऊन दाखवणाऱ्या हवालदाराचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

त्या रात्रीनंतर आजोबा श्रावणात ऊन पडलं की चुलीपासून लांब, अंगणाच्या टोकाला दारू सुपात पसरून बसायचे. आम्हा मुलांना तिकडे फिरकायची बंदी. ते गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. डबा अजून माळ्यावर आहे, रिकामा. परवा उघडून पाहिला. आतून कोरडा ठणठणीत.