तळटीप : तक्रार क्रमांक

१. तक्रार क्रमांक : लासूर स्टेशन (ता. गंगापूर) हे मनमाड–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील, दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातील स्थानक. येथील प्रवाशाने १३९ या क्रमांकावर किंवा ‘रेल मदद’वर तक्रार नोंदवली की त्याला एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो दुसऱ्या कोणत्याही तक्रारीला दिला जात नाही. तक्रार एका विभागाकडून दुसऱ्याकडे गेली, तरी क्रमांक तोच राहतो आणि त्यावरूनच तिचा मागोवा घेता येतो.

नुसते नाव-गाव लिहून हे काम भागत नाही. लासूर नावाचे गाव जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातही आहे. शिवाय नावे बदलतात. औरंगाबाद स्थानकाचे नाव २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा त्याची संकेताक्षरेही ‘एडब्ल्यूबी’ऐवजी ‘सीपीएसएन’ झाली. तक्रार क्रमांकातच स्थानकाची अक्षरे गुंफली असती, तर जुन्या नोंदींवर कालबाह्य खूण कायमची राहिली असती. म्हणून संगणकीय नोंदवहीत मूळ ओळख शक्यतो अर्थनिरपेक्ष आकड्याची ठेवतात. गाव, खाते, तारीख हे तपशील वेगळ्या रकान्यांत भरतात. नोंद रद्द झाली तरी तिचा आकडा नव्या नोंदीला देत नाहीत. नाहीतर जुन्या पत्रातला क्रमांक भलत्याच तक्रारीकडे नेईल.

दहा अंकी पीएनआर आरक्षणाची ओळख पटवतो, तक्रारीची नव्हे. एकाच पीएनआरवर अनेक तक्रारी होऊ शकतात. वाचकांनी दोन्ही क्रमांक स्वतंत्रपणे जपून ठेवावेत.